घटक ७ : तिउराइ ते हेइवा – ताहिती बेटावरील वार्षिक उत्सव

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस ताहिती बेटावरील ‘हेइवा’ या वार्षिक उत्सवाचे स्वरूप व इतिहास सांगता येईल. उत्सवाचे निमित्त आणि उत्सवाचा आशय यांत फरक करता येईल. तसेच ‘परंपरा’ हा शब्द वापरताना अभ्यासकाला कोणती सावधगिरी बाळगावी लागते, हे उदाहरणासह स्पष्ट करता येईल.

७.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, उत्सव, विधी आणि लोककला यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना आपण बहुधा परिचयाची उदाहरणे घेतो. परिचयाचा एक तोटा असतो. ज्या उत्सवात आपण लहानपणापासून वावरलो, त्याचा दिवस कोणी ठरवला, त्यातले कोणते अंग जुने आणि कोणते कालपरवाचे, हे प्रश्न आपल्याला सहसा सुचत नाहीत. जे आहे ते पूर्वापार आहे, असे आपण गृहीत धरतो. म्हणून या घटकासाठी मुद्दाम दूरचे उदाहरण निवडले आहे. ज्या उत्सवाविषयी आपल्या मनात ना ममत्व आहे ना रुसवा, त्याच्याकडे पाहताना नजर थोडी स्वच्छ राहते.

दक्षिण प्रशांत महासागरात ताहिती हे ज्वालामुखीपासून बनलेले बेट आहे. एका अरुंद संयोगभूमीने जोडलेले दोन डोंगराळ भाग, त्यांच्याभोवती सपाट किनाऱ्याची चिंचोळी पट्टी आणि त्यापलीकडे प्रवाळाचे कडे, अशी त्याची रचना आहे. वस्ती बहुतेक किनाऱ्याच्या पट्टीत आहे. पापेएते हे तेथील मुख्य शहर. ११८ बेटांच्या मिळून बनलेल्या ‘फ्रेंच पॉलिनेशिया’ या प्रदेशाची ती राजधानी होय. हा प्रदेश आजही फ्रान्सच्या अखत्यारीत आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत लक्षात ठेवावी.

दरवर्षी जुलै महिन्यात पापेएते येथे नृत्य, गायन आणि पारंपरिक खेळ यांच्या स्पर्धांचा मोठा उत्सव भरतो. त्यालाच ‘हेइवा इ ताहिती’ म्हणतात. ताहितीच्या मूळ रहिवाशांना, म्हणजे माओही लोकांना, तो आपल्या अस्मितेचा सर्वांत मोठा आविष्कार वाटतो. परंतु त्याची जुलै ही वेळ ठरली ती फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनामुळे. राज्यकर्त्यांनी आपल्या गौरवासाठी सुरू केलेला समारंभ शासितांचा सर्वांत जिव्हाळ्याचा उत्सव कसा झाला, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

७.३ विषयविवेचन

७.३.१ जुने कालमान

ताहितीच्या जुन्या कालगणनेत वर्षाचे दोन मोठे भाग मानले जात, आणि ते ठरत एका तारकापुंजावरून. आपण ज्याला कृत्तिका म्हणतो, त्याच पुंजाला ताहितीच्या भाषेत ‘मातारिई’ असे नाव आहे. सूर्यास्तानंतर कृत्तिका पूर्व क्षितिजावर दिसू लागल्या, की ‘मातारिई इ निआ’ हा समृद्धीचा काळ सुरू होई. हे साधारणपणे २० नोव्हेंबरच्या सुमारास घडते. पाऊस येतो, झाडांवर विलायती फणस धरतो, मासळी मुबलक होते. मे महिन्याच्या विसाव्या दिवसाच्या आसपास कृत्तिका सायंकाळच्या आकाशातून दिसेनाशा होतात आणि ‘मातारिई इ रारो’ हा टंचाईचा, हात आखडून राहण्याचा काळ लागतो.

ताहिती दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे जुलै हा थंड व कोरडा महिना असतो. जुन्या कालमानानुसार तो टंचाईच्या पर्वात पडतो. याचा अर्थ असा, की आज बेटावरचा सर्वांत मोठा उत्सव ज्या दिवसांत होतो, ते दिवस जुन्या माओही समजुतीनुसार सुबत्तेचे नव्हेत. पंचांग बदलले आणि उत्सवाने नवे पंचांग स्वीकारले. गेल्या काही दशकांत मातारिईचे स्वागत पुन्हा समारंभपूर्वक होऊ लागले असले, तरी गर्दी आणि चुरस आहे ती जुलैतच.

७.३.२ बंदीचे शतक

१७६७ मध्ये इंग्रज कप्तान सॅम्युएल वॉलिस, १७६८ मध्ये फ्रेंच नाविक बूगँव्हिल आणि १७६९ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी आलेला जेम्स कुक, असे युरोपीय नाविक लागोपाठ ताहितीला पोहोचले. त्यांच्या नोंदींत नाचगाण्याच्या मेळ्यांची वर्णने आहेत आणि अशा मेळ्यांसाठी ‘हेइवा’ हा शब्दही आढळतो. त्या काळी ‘आरिओई’ नावाचा कलावंतांचा एक पंथ होता. ओरो या देवाचे हे उपासक बेटाबेटांवर होड्यांतून फिरत, नाचत, नाट्यप्रवेश करीत. थट्टा करताना ते अधिकारी माणसांचीही गय करीत नसत. नृत्य हे त्या समाजात निव्वळ करमणुकीचे साधन नव्हते. देवस्थान, राजसत्ता आणि सुगी यांच्याशी ते बांधलेले होते. या देवस्थानांना, म्हणजे दगडी चौथऱ्यांनी बांधलेल्या पवित्र आवारांना, ‘माराए’ म्हणत.

५ मार्च १७९७ रोजी लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक ‘डफ’ या जहाजातून ताहितीत उतरले. पहिली काही वर्षे त्यांना फारसे यश आले नाही. पुढे दुसरा पोमारे हा राजा त्यांच्या बाजूस वळला आणि चित्र पालटले. १८१९ मध्ये त्याने नवी विधिसंहिता जाहीर केली. या संहितेने आणि तिच्या मागून आलेल्या नियमांनी जुने नृत्य, गोंदण आणि धार्मिक विधी निषिद्ध ठरवले. नृत्यात कंबरेच्या हालचालींना प्राधान्य असल्यामुळे धर्मोपदेशकांना ते अश्लील वाटे. परंतु केवळ अश्लीलता हे कारण मानले, तर विवेचन उथळ होईल. ज्या नृत्यात जुने देव आणि जुन्या वंशावळी जिवंत राहत होत्या, ते चालू राहिले असते तर नवा धर्म पुरता रुजला नसता. बंदी घालणाऱ्यांना नृत्याचे सामर्थ्य नेमके कळले होते, असेच म्हणावे लागते.

बंदी आली म्हणून नृत्य नाहीसे झाले नाही. दऱ्याखोऱ्यांत, रात्रीच्या वेळी ते चालू राहिले. १८४२ मध्ये ताहिती फ्रान्सचे संरक्षित राज्य झाल्यानंतर ठरावीक जागी आणि ठरावीक दिवशी नाचण्याची मुभा मिळत गेली. तरीही प्रतिष्ठित घरांतील मुलींनी नाचू नये, हा संस्कार पुढे शंभर वर्षे टिकला. कायद्याने घातलेली बंदी उठते, पण मनात बसलेली बंदी उठायला अधिक काळ लागतो, याचे हे उदाहरण आहे.

याच काळात एक वेगळीच गोष्ट घडली. धर्मोपदेशकांनी स्तोत्रे शिकवली आणि ताहितीच्या लोकांनी ती आपल्या पद्धतीने गायला सुरुवात केली. ‘हिमेने’ हा शब्द स्तोत्र या अर्थाच्या इंग्रजी ‘हिम’ या शब्दावरून आला. परंतु ‘हिमेने तारावा’ हा समूहगायनाचा प्रकार ऐकला, तर तो इंग्लंडमधील कोणत्याही चर्चमध्ये शोधून सापडणार नाही. त्यात अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात. पुरुषांचा एक गट घशातून ‘हाऊ’ नावाचा घुमारा सतत धरून ठेवतो, आणि ‘पेरेपेरे’ म्हणवणारा एखादा उंच स्त्रीस्वर सगळ्यांच्या वरून स्वच्छंद फिरत राहतो. नृत्याला मज्जाव होता त्या काळात या समाजाची सर्जनशीलता गायनात शिरली, असे म्हणता येईल.

आपली प्रगती तपासा – १ : ताहितीत नृत्यावर बंदी येण्याची धार्मिक व राजकीय कारणे आपल्या शब्दांत लिहा.

७.३.३ तिउराइ : राज्यकर्त्यांचा समारंभ

२९ जून १८८० रोजी पाचव्या पोमारेने आपले राज्य फ्रान्सच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी फ्रान्सने १४ जुलै हा दिवस राष्ट्रीय दिन म्हणून निश्चित केला. हे दोन्ही निर्णय एकाच उन्हाळ्यातले, अर्थात फ्रान्सच्या उन्हाळ्यातले. पुढच्या वर्षी, म्हणजे १८८१ मध्ये, पापेएते येथे हा दिवस प्रथमच साजरा झाला. नव्या प्रजेने नव्या मातृभूमीचा आनंद व्यक्त करावा, ही अपेक्षा उघड होती. पण आनंद व्यक्त करायला लोकांना बोलवायचे, तर त्यांना आवडेल असे काही करू द्यायला हवे. म्हणून संचलन आणि भाषणे यांच्या जोडीला होड्यांच्या शर्यती आल्या, गायनाच्या स्पर्धा आल्या आणि काही काळाने नृत्यही आले. आरंभी ते बेतानेच होते. त्या काळातील छायाचित्रांत नर्तकी गळ्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या झग्यांत दिसतात.

लोकांनी या समारंभाला दिलेले नाव लक्षात घेण्यासारखे आहे. ते त्याला ‘तिउराइ’ म्हणू लागले. तिउराइ म्हणजे जुलै महिना. हा शब्द इंग्रजी ‘जुलाय’चा ताहिती उच्चार आहे, कारण महिन्यांची नवी नावे इंग्रज धर्मोपदेशकांनी आणली होती. दिवस फ्रेंच, नाव इंग्रजीवरून आलेले आणि रंग भरणारे लोक माओही, असा हा समारंभ होता. बास्तीय तुरुंगाच्या पाडावाशी ताहितीच्या कोळ्याचा किंवा बागाईतदाराचा काय संबंध? काहीच नाही. त्याने त्या दिवसाला महिन्याचे नाव दिले आणि त्यामागील राष्ट्रीय अर्थ बाजूला ठेवला. हा बंडाचा प्रकार नाही. शासितांनी राज्यकर्त्यांच्या समारंभात आपल्यापुरती जागा करून घेण्याची ही शांत पद्धत आहे.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे स्पर्धा. गावोगावचे संघ पापेएतेला येत आणि एकमेकांविरुद्ध उतरत. कोणत्या गावाचे गायन सरस, कोणाची होडी पुढे, यावर वर्षभराची इभ्रत अवलंबून असे. जुन्या सरदारक्यांमधील चुरस येथे खेळाच्या रूपाने शिल्लक राहिली. राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात लोक फ्रान्ससाठी नव्हे, आपल्या गावासाठी गात होते.

७.३.४ प्रतिष्ठा परत मिळवताना

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नृत्याला जागा होती, पण मान नव्हता. हे चित्र बदलण्याचे श्रेय प्रामुख्याने मादलेन मुआ या शिक्षिकेला दिले जाते. १९५६ मध्ये त्यांनी नृत्यसंघ स्थापन केला आणि त्याला जाणीवपूर्वक ‘हेइवा’ हे जुने नाव दिले. वेशभूषा, रांगांची शिस्त, हालचालींतील एकसारखेपणा यांकडे त्यांनी बारकाईने लक्ष दिले. चांगल्या घरातील मुलींना आईवडिलांच्या संमतीने संघात आणणे हे त्यांचे सर्वांत अवघड काम असावे. त्यांच्या मागोमाग इतर संघ निघाले. कोको होताहोता यांनी १९६२ मध्ये सुरू केलेला ‘तेमाएवा’ हा त्यांपैकी विशेष गाजला.

हा काळ बेटासाठी मोठ्या उलथापालथीचा होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी ताहितीत आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला आणि पर्यटक येऊ लागले. १९६६ मध्ये फ्रान्सने याच प्रदेशातील मोरुरोआ येथे अणुचाचण्या सुरू केल्या. तेथे आणि शेजारच्या फांगाताउफा बेटावर १९९६ पर्यंत मिळून १९३ चाचण्या झाल्या. चाचण्यांच्या निमित्ताने पैसा आला, सैनिक आले, नोकऱ्या आल्या. दूरच्या बेटांवरील माणसे शेती-मासेमारी सोडून पापेएतेच्या आसपास गोळा झाली. एका पिढीत जगण्याची रीत बदलली. आपले काय उरले, हा प्रश्न अशा वेळी केवळ पंडितांचा राहत नाही. १९७२ मध्ये ताहिती भाषेची अकादमी अस्तित्वात आली. १९७९ मध्ये संगीत व नृत्याचे शिक्षण देणारी शासकीय कलाशाळा निघाली. कवी, नाटककार आणि कार्यकर्ते हेन्री हिरो (१९४४–१९९०) यांनी माओही भाषेतच लिहावे, जुन्या ज्ञानाकडे वळावे, असा आग्रह धरला. नृत्यसंघांनाही या विचारांची धग लागली.

१९८४ मध्ये प्रदेशाला अंतर्गत स्वायत्तता मिळाली आणि १९८५ मध्ये जुलैच्या उत्सवाचे नाव अधिकृतपणे बदलून ‘हेइवा इ ताहिती’ असे झाले. धर्मोपदेशकांच्या काळात जो प्रकार निषिद्ध ठरला होता, त्याचे नाव आता शासकीय पत्रिकेवर छापले जाऊ लागले.

७.३.५ हेइवाची रात्र

आता प्रत्यक्ष उत्सवाकडे वळू. त्याचे तीन प्रमुख विभाग आहेत : खेळ, गायन आणि नृत्य.

खेळांत होड्यांच्या शर्यतींना सर्वाधिक मान आहे. ‘वाआ’ ही बाजूला तोलदांडा असलेली होडी. तिच्या एकट्याच्या, तिघांच्या, सहाजणांच्या शर्यती होतात. याखेरीज जड धोंडा उचलून खांद्यावर घेणे, उंच खांबावर बसवलेल्या नारळावर भाले फेकणे, केळीचे घड व इतर फळे काठीला बांधून खांद्यावरून वाहत पळणे, नारळ फोडून झटपट खोबरे काढणे, असे खेळ असतात. यांतील काही खेळ पूर्वीच्या रोजच्या कामातून आलेले आहेत. डोंगरातून फळे आणणारा माणूस आता बहुधा ट्रकने आणतो. पूर्वी पाठीवरून आणत, एवढी आठवण शर्यतीने ठेवली आहे.

नृत्य व गायनाच्या स्पर्धा पापेएतेच्या समुद्रकाठच्या तोआता या खुल्या रंगमंचावर रात्री होतात. एकेका नृत्यसंघात शंभराहून अधिक नर्तक असू शकतात. वादक आणि गायक वेगळे. हे लोक व्यावसायिक कलावंत नसतात. त्यांत विद्यार्थी, कारकून, दुकानातले नोकर, गृहिणी, रुग्णालयातले कर्मचारी असे सगळे असतात. उत्सवाच्या कितीतरी महिने आधीपासून दिवसाचे काम आटोपून ते शाळेच्या पटांगणात किंवा गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत सरावाला जमतात. संघप्रमुखाला ‘राआतिरा’ म्हणतात. त्याचा शब्द शेवटचा.

नृत्याचे चार प्रकार प्रत्येक संघाला अवगत असावे लागतात. ‘ओतेआ’ फक्त तालवाद्यांवर चालतो, त्यात गाणे नसते. ‘तोएरे’ हे लाकडाचा ओंडका पोखरून, त्याला लांब खाच पाडून केलेले वाद्य आहे. अनेक तोएरे एकदम वाजू लागले, की बोलणे अशक्य होते. स्त्रियांची कंबर वेगाने फिरते आणि खांदे मात्र जवळपास स्थिर राहतात. पुरुषांचे गुडघे कात्रीच्या पात्यांसारखे उघडतात व मिटतात. ‘आपारिमा’ याच्या अगदी उलट आहे. तो संथ असतो. हातांच्या मुद्रांनी त्यात कथा सांगतात, आणि साथीला बहुधा गीत असते. ‘पाओआ’मध्ये गायकांचा समूह जमिनीवर बसून मांड्यांवर थाप देतो, आणि मधल्या जागेत एखादी जोडी उठून नाचते. ‘हिविनाउ’मध्ये वर्तुळ धरले जाते. एक पुरुष ओळ सांगतो आणि सगळे प्रतिसाद देतात.

वेशभूषेकडे केवळ सजावट म्हणून पाहू नये. ‘मोरे’ हा घागरा जास्वंदीच्या कुळातील पुराऊ या झाडाच्या सालीपासून करतात. साल सोलून, भिजवून, वाळवून तिचे बारीक तंतू काढावे लागतात. एक घागरा करायला बरेच दिवस लागतात, आणि शंभर नर्तकांना शंभर लागतात. ओल्या पानाफुलांचा वेश तर प्रयोगाच्या आदल्या रात्री आणि त्याच दिवशीच करावा लागतो, नाहीतर तो कोमेजतो. त्यासाठी संघातील माणसे दऱ्यांत जाऊन नेचे आणि पाने आणतात. ज्याला झाडे ओळखता येत नाहीत, त्याला ती या निमित्ताने ओळखावी लागतात. नृत्यापेक्षा ही तयारीच एखादे वेळी अधिक शिकवून जात असेल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

गायनाच्या रात्रींना पर्यटकांची गर्दी कमी असते. तारावा गाणारे समूह बहुधा गावाच्या नावाने उतरतात आणि त्यांत वयस्क स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने असतात. ‘उते’ हा दोघातिघांनी गायचा मिस्कील प्रकार याच रात्री ऐकायला मिळतो. त्यात गावातल्या, राजकारणातल्या घडामोडींची खिल्ली उडवतात. आरिओईंच्या थट्टेची आठवण यावी, असा तो प्रकार आहे. ज्याला भाषा येत नाही, त्याला हशा का पिकला हे कळत नाही.

आपली प्रगती तपासा – २ : ‘ओतेआ’ आणि ‘आपारिमा’ या नृत्यप्रकारांतील फरक सांगून, आशय व्यक्त करण्याच्या त्यांच्या साधनांची तुलना करा.

७.३.६ परंपरा जुनी की नवी?

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातून ‘निर्मित परंपरा’ ही संकल्पना अभ्यासविश्वात रूढ झाली. फार प्राचीन भासणाऱ्या कित्येक परंपरा प्रत्यक्षात अलीकडच्या काळात, काही हेतूने घडवलेल्या असतात, असे तिचे सार आहे. हेइवाला ही संकल्पना लावून पाहणे सोपे आहे. तारीख १८८१ ची. नाव १९८५ मध्ये परत आणलेले. रांगांची शिस्त १९५६ नंतरची. उकुलेले हे वाद्य पोर्तुगीज वाद्यावरून हवाई बेटांत घडले आणि तेथून आले. ‘हिविनाउ’ हा शब्दसुद्धा नांगर ओढताना इंग्रज खलाशी देत असलेल्या आरोळीवरून आला, असे मानले जाते. वर्तुळाकार फिरत गाण्याची त्याची रीत नांगराच्या चक्राभोवती फिरणाऱ्या खलाशांची आठवण देते.

मग हेइवा खोटा ठरतो का? अनेक विद्यार्थी येथे घाईने ‘होय’ असे उत्तर लिहितात. तसे करू नये. ‘निर्मित परंपरा’ ही संकल्पना परंपरेचे वय सांगते, तिचे मूल्य ठरवत नाही. शिवाय एक फरक नजरेआड करून चालणार नाही. ताहितीत जुन्याचा धागा आपोआप झिजून तुटला नव्हता, तो कायद्याने तोडला गेला होता. जे तोडले गेले ते पुन्हा जोडताना मधले टाके नवे असणारच. खलाशांची आरोळी घेऊन तिचे नृत्य करणाऱ्या समाजाला आपण परंपराभ्रष्ट म्हणायचे, की जे हाती आले त्याला आपला घाट देणारा समाज म्हणायचे? प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

हा वाद ताहितीतही जिवंत आहे. स्पर्धा म्हटली की नियम आले, आणि नियम म्हटले की परंपरेची व्याख्या आली. कोणते पाऊल पारंपरिक, कोणती सामग्री चालेल, किती नावीन्य मान्य, याचा निर्णय परीक्षक मंडळ करते. नियम सैल केले तर ओळख पुसट होते, आणि आवळले तर नृत्य संग्रहालयातील वस्तू बनते. नवे काही करणारा राआतिरा गुण गमावण्याचा धोका पत्करतो. त्याचे नावीन्य प्रेक्षकांना रुचले, तर तेच पाच-दहा वर्षांत सगळ्यांचे होऊन जाते आणि मग परंपरा म्हणून मिरवते.

७.३.७ शब्दांचा प्रश्न

मराठीच्या विद्यार्थ्याला या उत्सवातील सर्वांत महत्त्वाची वाटावी अशी बाब शेवटी राखून ठेवली आहे. हेइवात प्रत्येक नृत्यसंघाचा प्रयोग एका विषयावर बेतलेला असतो. एखादी दंतकथा, एखाद्या डोंगराचे किंवा दरीचे नाव कसे पडले याची हकिकत, एखाद्या पूर्वजाचा प्रवास, असे विषय असतात. त्यासाठी लेखक ताहिती भाषेत नवी संहिता रचतो. नृत्याचे क्रम, गीते, रंगमंचावरील वक्त्याचे ‘ओरेरो’ म्हणजे अलंकारिक भाषण, हे सारे तीतून उगवते. परीक्षक या संहितेलाही गुण देतात आणि उत्तम लेखनाला स्वतंत्र पारितोषिक असते. म्हणजे नाचाच्या उत्सवाच्या पोटात एक वार्षिक साहित्यस्पर्धा दडलेली आहे. बाहेरून येणाऱ्या प्रेक्षकाच्या ते बहुधा लक्षातही येत नाही.

याचे मोल कळण्यासाठी भाषेची स्थिती पाहावी लागते. शाळा, कचेरी, वर्तमानपत्रे आणि नोकरी यांत फ्रेंचचे वर्चस्व आहे. शहरातील अनेक तरुणांना ताहिती समजते, पण सफाईने बोलता येत नाही. काहींना आजीचे बोलणेसुद्धा अर्धेच कळते. अशी मुले नृत्यसंघात येतात, गीते पाठ करतात, प्रत्येक शब्दाला नेमून दिलेली हाताची मुद्रा शिकतात. आपारिमात हात चुकला, तर अर्थ चुकतो. त्यामुळे सरावात कोणीतरी शब्दाचा अर्थ समजावून सांगावाच लागतो. वर्गात बसून जी भाषा आली नाही, ती देहाच्या वाटेने थोडीफार येते.

मात्र यात भाबडेपणाने आशा बाळगण्याचे कारण नाही. पाठांतर म्हणजे भाषा येणे नव्हे. जुलै सरला, वेश उतरला, की त्याच मुलांचे आपापसातले बोलणे पुन्हा फ्रेंचमध्ये सुरू होते. संहितेची भाषा जितकी अलंकारिक व जुन्या वळणाची, तितके गुण अधिक मिळण्याची शक्यता. मग ती रोजच्या बोलण्यापासून आणखी दूर जाते. उत्सवाने भाषेला मानाचे आसन दिले. आसनावर बसवलेली भाषा बाजारात, स्वयंपाकघरात, मुलांच्या भांडणात किती उतरते, हे उत्सवाच्या हातात नाही.

आणखी एक गुंता आहे. ताहिती नृत्य आज जपान, मेक्सिको, अमेरिका अशा देशांत मोठ्या संख्येने लोक शिकतात. त्यांतील कित्येकजणी तंत्रात कुशल असतात. कंबर फिरवण्याचे तंत्र शिकवता येते आणि त्याचा व्यवसायही होतो. उतेमधील थट्टा, ओरेरोतील स्थळनामे, तारावातील गावाचा अभिमान यांची निर्यात होत नाही. कलाप्रकाराचा कोणता भाग मातीपासून सुटून प्रवास करू शकतो आणि कोणता मागेच राहतो, हे पाहायचे असेल तर हेइवातील नृत्याच्या आणि गायनाच्या रात्रींची तुलना करावी. २०२० मध्ये साथीमुळे हेइवा झाला नाही. पडद्यावर नृत्य पाहण्याची सोय तेव्हाही होती. सरावासाठी संध्याकाळी एकत्र जमणे मात्र थांबले होते.

७.४ स्वाध्याय

१. ‘तिउराइ’ या नावाची व्युत्पत्ती सांगून, त्यातून शासक व शासित यांच्या संबंधांविषयी काय सूचित होते ते लिहा.

२. ‘निर्मित परंपरा’ ही संकल्पना हेइवाला कितपत लागू पडते? तिच्या मर्यादांसह चर्चा करा.

३. हेइवाच्या संहितालेखनामुळे ताहिती भाषेला मिळणारे बळ आणि त्या बळाच्या मर्यादा, यांविषयी आपले मत सकारण मांडा.

४. क्षेत्रकार्य : आपल्या गावात किंवा वस्तीत दरवर्षी होणारा एक उत्सव निवडा. त्याची तिथी, त्यातील गाणी, वाद्ये, वेश आणि स्पर्धा यांपैकी प्रत्येक गोष्ट केव्हापासून व कोणाच्या पुढाकाराने सुरू झाली, हे किमान तीन वयस्क व्यक्तींना वेगवेगळे भेटून विचारा. त्यांच्या उत्तरांत तफावत आढळल्यास ती मिटवू नका, जशीच्या तशी नोंदवा.